ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का? दोष शोधण्याचा योग्य क्रम

स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसले, गेम मध्येच बंद पडला किंवा डिस्प्लेच आला नाही, की निष्कर्ष ठरलेला असतो: कार्ड गेलं. मग एकाच दिवसात विंडोज नव्याने टाकलं जातं, नवा एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) आणला जातो आणि कार्ड खोलून चिपवरची थर्मल पेस्टही बदलली जाते. एवढं करून मशीन सुरू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही. नाही झालं तर दोष तिथेच असतो आणि वॉरंटीचं सील मात्र तुटलेलं असतं.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. म्हणून खाली तपासणीचा क्रम दिला आहे. तो विंडोज १० किंवा ११ असलेल्या आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपवाल्यांना यातले ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), तापमान आणि चाचण्यांचे टप्पे उपयोगी पडतील.

शेवटपर्यंत तीन नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा. फुकटातली आणि बाहेरची गोष्ट आधी तपासा, खर्चाची आणि आतली नंतर. आणि कार्डासोबत दोषही दुसऱ्या मशीनवर गेला, तरच कार्डाला दोषी धरा.

## टप्पा १ : लक्षण नीट टिपून घ्या

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि निम्मं उत्तर इथेच असतं. वही घ्या किंवा मोबाइलमध्ये लिहा: दोष नेमका केव्हा दिसतो? मशीन सुरू होताच, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमच्या) पडद्यावर? विंडोजचा लोगो आल्यावर? डेस्कटॉपवर नुसतं बसल्यावर? की फक्त गेममध्ये, आणि तोही किती मिनिटांनी?

बायोसच्या पडद्यावरच रेघा किंवा चौकटी दिसत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर अजून चालूच झालेला नसतो. त्यामुळे विंडोज नव्याने टाकून काही होणार नाही. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. उलट, डेस्कटॉप स्वच्छ आणि एकाच गेममध्ये गडबड असेल, तर आधी तो गेम आणि ड्रायव्हर संशयित आहेत.

चित्र बिघडलेलं असताना दोन गोष्टी करा. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणं दाबून स्क्रीनशॉट घ्या, आणि मोबाइलने पडद्याचा फोटोही काढा. मग तो स्क्रीनशॉट मोबाइलवर पाठवून तिथे उघडा. त्यातही चौकटी दिसल्या, तर चित्र कार्डाच्या आतच बिघडतंय: चिप, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि फोटोत मात्र रेघा, तर बिघाड चित्र बाहेर पडताना किंवा त्यानंतर होतोय: कार्डाचं पोर्ट, केबल किंवा मॉनिटर.

सावधान: स्क्रीनशॉट त्याच बिघडलेल्या पडद्यावर उघडून निष्कर्ष काढू नका. रेघा पडद्याच्या असतील तर त्या स्क्रीनशॉटवरही दिसणारच.

मशीन बंद कसं पडतं तेही बारकाईने पाहा. पुढच्या चार प्रकारांचे अर्थ वेगवेगळे आहेत.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो: विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट पाहतं आणि उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर नव्याने चालू करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, याची नोंद ४१०१ क्रमांकाने सापडते. दोष ड्रायव्हरचा असू शकतो, ओव्हरक्लॉकचा (ठरलेल्यापेक्षा वाढवलेल्या वेगाचा) असू शकतो आणि कार्डाचाही. वाट पाहण्याची ही मुदत रजिस्ट्रीतून वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने लक्षण झाकलं जातं, दोष जात नाही.

पडदा काळा, पण आवाज चालू आणि कार्डाचे पंखे अचानक पूर्ण वेगात: कार्डाचा मशीनशी संपर्क तुटलाय. कार्डाची वीज, तिची केबल, स्लॉट किंवा खुद्द कार्ड, यांपैकी काहीतरी.

पूर्ण मशीनच बंद पडतं किंवा रिस्टार्ट होतं: एसएमपीएसकडे आधी बघा.

निळा पडदा येतो: त्यावरचं नाव लिहून घ्या. व्हिडिओ टीडीआर फेल्युअर असं असेल तर संशय ग्राफिक्सच्या बाजूला. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर रॅम किंवा प्रोसेसर.

इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस बदलून मोकळे होतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर शटडाउन न होता बंद झालं. कारण ती सांगत नाही.

## टप्पा २ : तयारी

मध्यम आकाराचा स्टार स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ कोरडा ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, न झडणारं कापड, दुसरी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल आणि दुसरा मॉनिटर लागेल. मॉनिटर नसेल तर घरचा टीव्ही चालतो. साधा मल्टिमीटर असला तर उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळतो. खरेदीचं बिल शोधून ठेवा आणि कार्डावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा.

बायोसमध्ये जाऊन सगळं डिफॉल्टवर आणा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल बंद, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक बंद. कार्डाचा वेग बदलणारं एमएसआय आफ्टरबर्नरसारखं काही वापरत असाल तर तिथलेही बदल काढून टाका. अंडरव्होल्टही (चिपचं कमी केलेलं व्होल्टेज) काढा. पहिले काही महिने नीट चाललेला अंडरव्होल्ट उन्हाळ्यात किंवा नव्या गेममध्ये दगा देऊ शकतो.

कॅबिनेट उघडण्याआधी शटडाउन करा, बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावत राहा.

सावधान: मशीन चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढची तपासणी थांबवा. घराला अर्थिंग नाही किंवा सॉकेटमधली अर्थिंगची वायर सुटलेली आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी थोडीशी वीज अर्थिंगअभावी कॅबिनेटवर येते. अशा मशीनला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडलात तर फरकाचा झटका एचडीएमआयच्या पोर्टला बसू शकतो. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## टप्पा ३ : मॉनिटर, केबल, पोर्ट

पहिली तपासणी फार साधी आहे, तरीही तीच राहून जाते. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात आहे की मदरबोर्डच्या? कार्डाची पोर्टं कॅबिनेटच्या मागे खालच्या भागात आडवी असतात, मदरबोर्डची वर असतात. केबल मदरबोर्डला असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल, तर कार्ड ठणठणीत असूनही पडदा काळाच राहील. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर एफ आहे, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६००एक्समध्येही नाही. तुमच्या प्रोसेसरमध्ये ते आहे की नाही हे आत्ताच पाहून ठेवा, पुढे लागेल.

आता मॉनिटरची परीक्षा. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणाने त्याचा मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, त्यात कार्डाचा काही संबंध नसतो. रेघा त्या मेनूवरूनही जात असतील तर दोष मॉनिटरचा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं, तर पुढे चला.

केबल बदला. मग पोर्ट बदला. मग मॉनिटर बदला. तिन्ही एकदम नको. रिफ्रेश रेट ६० हर्ट्‌झवर आणून पाहा. १४४ हर्ट्‌झला चित्र जात-येत असेल आणि ६० ला स्थिर असेल, तर बहुधा केबलला तेवढा वेग झेपत नाही. स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींमध्ये आणखी एक भानगड असते. काहींत २० नंबरची पिन जोडलेली असते. मानकाप्रमाणे ती केबलमध्ये जोडायची नसते. जोडली तर मॉनिटरमधली वीज उलटी कार्डाकडे येते आणि मशीन सुरू होताना विचित्र अडथळे दिसतात.

तपासा: दुसऱ्या केबलीवर आणि दुसऱ्या मॉनिटरवर, कार्डाच्या निदान दोन पोर्टांवर दोष तसाच आहे का? असेल तरच कॅबिनेट उघडा.

## टप्पा ४ : वीज

कार्डाला लागणारी वीज दोन वाटांनी येते. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो. त्यावर सहा पिनांचा कनेक्टर ७५ आणि आठ पिनांचा १५० वॅट देण्यासाठी ठरवलेला आहे. नवा सोळा पिनांचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत जातो. आठ पिनांचे दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा. एकाच केबलीच्या टोकाला दोन कनेक्टर लोंबत असतात, ते मोठ्या कार्डाला वापरू नका. मोलेक्स किंवा साटाच्या (हार्ड डिस्कसाठी असलेल्या) वायरीवरून कार्डाला वीज देणारे जोड मिळतात. साटाचे तर वितळतात. ते आजच काढून टाका.

सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय का, हे टॉर्च लावून पाहा. कडेला फट दिसता कामा नये आणि तोंडाशीच वायर मुडपलेली नको. आरटीएक्स ४०९० चे हे कनेक्टर वितळल्याच्या घटना ऑक्टोबर २०२२ पासून समोर आल्या, आणि अर्धवट बसलेला कनेक्टर हे त्यातलं एक ठळक कारण निघालं. प्लास्टिक पिवळं, तपकिरी झालेलं किंवा फुगलेलं दिसलं तर मशीन पुन्हा चालू करू नका.

सावधान: मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या केबलींच्या) एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नका. कनेक्टर बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि मग कार्डच काय, हार्ड डिस्कही जळते. प्रोसेसरचा ४ अधिक ४ पिनांचा कनेक्टर आणि कार्डाचा ६ अधिक २ पिनांचा, हेही वेगळे आहेत. जोर लावून बसवू नका.

मशीन चालू होत असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि कार्डाच्या भागात १२ व्होल्टच्या इनपुटचा आकडा पाहा. काही कार्डांत तो दिसत नाही. दिसत असेल तर गेम चालू असताना नोंदवा. तो ११.४ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर एसएमपीएस, केबल किंवा कनेक्टर संशयित आहे.

यावर एक चांगली, फुकटातली कसोटी आहे. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने ओढायच्या विजेची मर्यादा) ६० ते ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम चालवा. आधी दहा मिनिटांत बंद पडणारं मशीन आता तासभर टिकलं, तर वीजपुरवठ्यावरचा संशय बळावतो. आधुनिक कार्डं क्षणार्धासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी घेतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने अशा उसळ्या सोसाव्यात अशी अटच घातली आहे. जुना ५५० वॅटचा एसएमपीएस कागदावर पुरेसा वाटतो आणि उसळीला पडतो, तो यामुळेच. पण लक्षात घ्या, पॉवर लिमिट कमी केल्याने कार्डाचा वेगही उतरतो, म्हणून कमकुवत चिपही या कसोटीत तरून जाते. अंतिम निकाल इथे देऊ नका, नोंद करून पुढे चला.

## टप्पा ५ : कार्ड काढा, स्वच्छ करा, परत बसवा

वीज पूर्ण काढून, मागचे स्क्रू सोडवून, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड सरळ वर उचला. खिट्टी न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो किंवा कार्डाच्या सोनेरी पट्टीजवळचं कोपऱ्यातलं बोर्ड चिरतं. जड कार्ड वर्षानुवर्षं लोंबकळलेलं असेल तर याच कोपऱ्यात केसासारखी तडही सापडते. टॉर्च तिरपा धरून पाहा.

सोनेरी पट्टी कापडाला अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा आणि वाळू द्या. खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे दुकानादुकानात आहे. त्याने पट्टी चमकते खरी, पण सोन्याचा थर झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. अल्कोहोल असताना तसं करण्याचं कारण नाही. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर ही पट्टी आणि बोर्डावरचे जोड मुद्दाम पाहावेत. खारट दमट हवेने हिरवट-पांढरे डाग धरतात, आणि बंद पडलेलं कार्ड नुसत्या सफाईने चालू होऊ शकतं.

परत बसवताना खिट्टीचा टक्‌ असा आवाज यायला हवा. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्याची केबल) वापरत असाल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवा. पीसीआय एक्सप्रेस जनरेशन ३ ची रायझर आणि जनरेशन ४ चं कार्ड ही जोडी अनेक काळ्या पडद्यांचं मूळ आहे.

मशीन सुरू झालं तर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा. बस इंटरफेसच्या रकान्याशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू करा आणि मगच आकडा वाचा, कारण कार्ड रिकामं असताना जोडणीचा वेग खाली येतो आणि तो दोष नसतो. सोळा लेनचं (स्लॉटशी बोलण्याच्या सोळा वाटांचं) कार्ड एक किंवा चार लेनवर चालताना दिसलं तर संपर्क बिघडलाय किंवा कार्ड चुकीच्या स्लॉटात आहे. मात्र आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० मुळात आठ लेनचीच आहेत, आरएक्स ६५०० एक्सटी चार लेनचं. तिथे घाबरू नका.

## डिस्प्लेच येत नसेल तर

पंखे फिरतात पण पडदा काळा, अशांनी टप्पा ५ नंतर इथे थांबावं. मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते पाहा. डीरॅमचा दिवा पेटत असेल तर कार्डाच्या मागे लागू नका. आधी एकच रॅम लावून पाहा. डीडीआर५ रॅमचं नवं मशीन किंवा बायोस रीसेट केलेलं मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅम जुळवून घ्यायला काही मिनिटंही लावतं. तेवढ्यात मशीन बंद करून चालू करत राहिलात तर ते कधीच पुढे जाणार नाही. दहा मिनिटं सोडून द्या.

व्हीजीएचा दिवा पेटत असेल तर मदरबोर्डवरचं नाण्यासारखं सेल काढून काही मिनिटांनी परत लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून मदरबोर्डच्या पोर्टावर डिस्प्ले येतो का पाहा. आला तर प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड बहुतांशी सुटले. फार जुनं कार्ड नव्या बोर्डावर लावत असाल तर त्यात यूईएफआयचा (नव्या प्रकारच्या बायोसचा) आधार नसण्याची शक्यता धरा. ते कार्ड खराब नसतं, फक्त त्या बोर्डावर बूट होत नाही.

पॉवरचं बटण दाबलं की पंखा जरासा हलून मशीन लगेच बंद, आणि कार्ड काढलं की नीट चालू, असं असेल तर कार्ड शॉर्ट असण्याची शक्यता मोठी आहे. कार्ड टेबलावर ठेवून मल्टिमीटर बीपवर घ्या. एक टोक कार्डाच्या धातूच्या पट्टीला, दुसरं आठ पिनांच्या कनेक्टरच्या एकेका पिनेला लावा. आठांपैकी ग्राउंडच्या पिना बीप देतील. १२ व्होल्टच्या तीन पिनांनी सतत बीप देता कामा नये. सगळ्याच पिना बीप देत असतील तर कार्ड शॉर्ट आहे.

सावधान: असं शॉर्ट कार्ड मित्राच्या चांगल्या मशीनमध्ये लावून पाहू नका. आणि बोर्डावरच्या चिपजवळच्या कॉइलवर मल्टिमीटर लावून शॉर्टचा निकालही देऊ नका. मोठ्या चिपचा मुख्य पुरवठा निरोगी असतानाही एक ओहमच्या आत दाखवू शकतो.

## टप्पा ६ : ड्रायव्हर मुळापासून काढा

आता सॉफ्टवेअर. जुन्या ड्रायव्हरवर नवा ड्रायव्हर चढवणं म्हणजे सफाई नाही. आधी कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, उतरवून ठेवा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं. शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, सेफ मोडमध्ये जा आणि डीडीयूने जुना ड्रायव्हर पुसून मशीन पुन्हा चालू करा.

सावधान: सेफ मोडला जाण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. तिथे पिन चालेलच असं नाही आणि ऐन वेळी मशीन कुलूपबंद होऊ शकतं.

ड्रायव्हर पुसल्यावर लगेच नवा टाकू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव दिसेल. या अवस्थेत दहा-पंधरा मिनिटं डेस्कटॉप वापरा. कंपनीचा ड्रायव्हर नसतानाही चौकटी आणि ठिपके दिसले, तर दोष हार्डवेअरचा आहे. स्वच्छ राहिलं तर ड्रायव्हर टाका. त्रास अलीकडच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर मुद्दाम त्याआधीची आवृत्ती टाका.

ड्रायव्हर टाकल्याटाकल्या पडदा काळा पडत असेल किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (विंडोजने कार्ड थांबवल्याची खूण) येत असेल, तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (डिस्कवर न टाकता चालणारं लिनक्स) चालवून पाहा. तिथेही तसंच झालं तर विंडोज निर्दोष. जुन्या बाजारातून घेतलेल्या कार्डावर कोड ४३ आला तर कार्डाचा स्वतःचा बायोस बदललेला असण्याचीही शक्यता धरा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग संपलं आणि त्यातली ढीगभर कार्डं जुन्या बाजारात आली. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली जाणारी, आत मात्र जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयची चिप असलेली बनावट कार्डंही फिरत असतात. जीपीयू-झेड अशा एनव्हिडिया कार्डांच्या नावापुढे फेक असं लिहून दाखवतं. आरएक्स ५८० घेतलं असेल तर शेडरचा (चिपमधल्या गणना करणाऱ्या घटकांचा) आकडा पाहा: २३०४ असायला हवा. २०४८ दिसला तर ती कमी ताकदीची वेगळी आवृत्ती आहे.

## टप्पा ७ : तापमान

एचडब्ल्यूइन्फोमध्ये तीन आकडे पाहा: जीपीयू (मुख्य चिप), हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरी जंक्शन (मेमरीचं तापमान). काही कार्डं तिन्ही दाखवत नाहीत. गेममध्ये जीपीयू ६५ ते ८३ अंश असणं नेहमीचं आहे. एएमडीचा हॉट स्पॉट ११० अंशांपर्यंत चालेल असं त्या कार्डांचं गणित असतं. जीडीडीआर६एक्स मेमरीही ११० च्या आसपास वेग कमी करते. तेव्हा नुसता मोठा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा जीपीयू आणि हॉट स्पॉट यांतला फरक पाहा. १० ते २० अंशांचा फरक ठीक. तो ३० च्या पुढे गेला तर पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

खोलीचं तापमानही लिहून ठेवा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ४० अंशांच्या वर असते. तिथला आकडा डिसेंबरातल्या आकड्याशी ताडून कार्डाला नावं ठेवू नका. डेझर्ट कूलरचा ओला झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नका. तापमान उतरतं, पण आतल्या धुळीला ओल धरते.

कार्ड रिकामं असताना पंखे थांबलेले दिसले तर तो बहुतेक नव्या कार्डांचा नेहमीचा स्वभाव आहे. साधारण ५० ते ६० अंशांच्या पुढे ते फिरू लागतात. लोड आल्यावर बारीक किणकिण आवाज येणं हाही दोष नाही, ती कॉइलची कंपनं आहेत.

वॉरंटी चालू असेल तर पेस्ट बदलण्यासाठी कार्ड खोलू नका. संपली असेल आणि खोललंत, तर थर्मल पॅडची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे लावा. जाड पॅड लावले की हीटसिंक चिपपासून उचलला जातो, आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.

## टप्पा ८ : ताण आणि व्हीरॅमची चाचणी

इथे सगळ्यात जास्त गैरसमज फरमार्क या ताण देणाऱ्या चाचणीबद्दल आहे. फरमार्क पास झालं म्हणजे कार्ड चांगलं, असं नाही. फरमार्क कार्डाला इतकी वीज ओढायला लावतं की पॉवर लिमिट लागून चिपचा वेग उतरतो. जी चिप वरच्या वेगाला अडखळते ती इथे सहज सुटते. शिवाय व्हीरॅमचा बराचसा भाग त्यात तपासलाच जात नाही. फरमार्कचा उपयोग वीज आणि थंडावा तपासण्यापुरता. दहा मिनिटं, समोर बसून, आकड्यांवर नजर ठेवून. चालू ठेवून जेवायला जाऊ नका.

व्हीरॅमसाठी ओसीसीटीमधली व्हीरॅम टेस्ट किंवा मेमटेस्ट व्हल्कन चालवा. बाकी सगळं बंद करून जास्तीत जास्त मेमरी तपासायला द्या आणि कार्ड गरम झाल्यावर निदान अर्धा तास चालू ठेवा. चुकांचा आकडा शून्यच हवा. डिफॉल्ट वेगावर एकही चूक आली आणि पुन्हा चालवल्यावर परत आली, तर मेमरी किंवा तिचा जोड खराब आहे. त्यानंतर ओसीसीटीची थ्रीडी टेस्ट चुका मोजण्याचा पर्याय लावून घ्या, आणि सगळ्यात शेवटी ज्या गेममध्ये त्रास होतो तोच गेम.

कसोटी म्हणून आफ्टरबर्नरमध्ये कोअरचा (मुख्य चिपचा) वेग १०० मेगाहर्ट्‌झने कमी करा आणि तोच गेम चालवा. मग कोअर पूर्ववत करून मेमरीचा वेग २०० ने कमी करा. ज्या बदलाने त्रास थांबतो, कमजोरी त्या बाजूला आहे. कंपनीने दिलेल्या वेगावर न टिकणारं कार्ड वॉरंटीत बदलून मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे; वेग कमी करून आयुष्यभर चालवत बसू नका.

## टप्पा ९ : इतरांना वगळा

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. रॅमची चूक गेममध्ये हुबेहूब कार्डाच्या चुकीसारखी दिसते.

प्रोसेसरचं एक उदाहरण मुद्दाम सांगतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप आय-७ आणि आय-९ वर अनरिअल इंजिनचे गेम व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश देऊन बंद पडत. संदेशात व्हिडिओ मेमरी असल्यामुळे लोकांनी कार्डं बदलली. दोष प्रोसेसरचा होता: जास्त व्होल्टेजने चिप आतून झिजत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्या पिढीचा प्रोसेसर असेल तर आधी मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करा. झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. तिच्यासाठी वॉरंटीच मागावी लागते.

## टप्पा १० : अदलाबदल

आता निकाल. दोन्ही बाजूंनी करा, एकाच बाजूने नको. तुमचं कार्ड दुसऱ्या चांगल्या मशीनवर, पुरेशा एसएमपीएसवर लावा आणि तेच लक्षण येतं का पाहा. मग दुसरं चांगलं कार्ड तुमच्या मशीनवर लावा. हे दुसरं कार्ड तेवढीच वीज ओढणारं असावं. ३०० वॅटच्या कार्डाऐवजी ७५ वॅटचं लावून मशीन नीट चाललं, तर एसएमपीएस सुटत नाही.

दोष कार्डासोबत गेला आणि तुमचं मशीन दुसऱ्या कार्डावर स्वच्छ चाललं: कार्ड खराब. दोष मशीनवरच राहिला: टप्पा ४ आणि ९ परत. दोन्हीकडे काहीच दिसलं नाही: तुमचं कार्ड परत तुमच्या मशीनवर लावून पाहा. काढण्या-घालण्यानेच संपर्क सुधारला असेल. दोन आठवडे वापरून मगच विषय बंद करा.

## कार्ड खराब ठरल्यावर

बिलावरची तारीख आणि सीरियल नंबर घेऊन आधी वॉरंटी तपासा. सर्व्हिस सेंटरला कार्ड देताना नुसतं चालत नाही असं लिहू नका. तिथे दहा मिनिटं डेस्कटॉप पाहून दोष नाही म्हणून कार्ड परत येतं. कोणती चाचणी, किती मिनिटांनी, किती चुका, दुसऱ्या मशीनवर काय झालं, हे चार ओळींत लिहा. व्हिडिओ जोडा. कार्डाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ते अँटिस्टॅटिक पिशवीत द्या आणि पोचपावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या.

वॉरंटी नसेल तर दुरुस्ती कोणती, यावर खर्च ठरवा. पंखा, १२ व्होल्टच्या वाटेवरचा शॉर्ट किंवा एखादी मेमरी चिप बदलणं बऱ्याचदा परवडतं. मुख्य चिप गेली असेल तर पैसे घालू नका. दुरुस्ती करणाऱ्याला कोणती चिप खराब निघाली ते विचारा आणि परत घेताना त्याच्यासमोर व्हीरॅमची चाचणी चालवा.

कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचे किंवा हॉट गनने शेकण्याचे व्हिडिओ पाहून तसं करू नका. शिशाविना बनवलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. घरच्या ओव्हनमध्ये ते नीट वितळत नाही. कपॅसिटर आणि प्लास्टिक मात्र खराब होतं, आणि ज्या ओव्हनमध्ये जेवण बनतं त्यात त्याची वाफ बसते. कार्ड काही दिवस चाललंच तर चिपखालचा जोड तापून तात्पुरता टेकलेला असतो. असं शेकलेलं कार्ड नंतर चांगला कारागीरही हातात घेत नाही.